बाहुलीचा गाऊन आणि हौसेचं मोल

मैत्रिणींनो, या आठवड्यात माळ्यावरचा खेळण्यांचा डबा एकदा खाली काढाच. भातुकलीची चेपलेली भांडी, चाक निखळलेली मोटार, अर्धे हरवलेले पत्ते या सगळ्यांच्या तळाशी एक बाहुली सापडेल. वितीपेक्षा थोडी उंच, लांब पायांची, बारीक कमरेची. केसांचा काथ्या झालेला, कपाळावर बॉलपेनने काढलेली टिकली, अंगावर चिंधीसुद्धा नाही. लेक मोठी झाली, तिचं खेळणं संपलं, पण हिला टाकून द्यायला काही हात धजत नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत ती खाली येते आणि पुन्हा वर जाते. खरं की नाही?

या बाहुलीला नवा चेहरा कसा द्यायचा आणि तिच्यासाठी जगात दुसरा सापडणार नाही असा एकच एक गाऊन हाताने कसा शिवायचा, ते आज सांगणार आहे. आणि शेवटी थोडं पैशाचं बोलायचं आहे. तो भाग वाचल्याशिवाय पान उलटू नका हं!

आता गाऊन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सकाळी दूध घ्यायला दार उघडताना घातलेला, वर ओढणी टाकलेला सुती गाऊन येतो. तो नव्हे! विलायती सिनेमातली नायिका जिना उतरताना घालते, तो. अंगासरशी बसणारा वरचा भाग, खाली पायघोळ घेर आणि जमिनीवर लोळणारा काठ. अशा कपड्याला फ्रेंच लोक ‘ओत कुत्यूर’ म्हणतात. एकाच व्यक्तीच्या मापाने, तिच्यासाठीच बेतलेला आणि बहुतांशी हाताने शिवलेला कपडा, असा त्याचा अर्थ. फ्रान्समध्ये १९४५ पासून हे नाव कायद्याने राखून ठेवलेलं आहे. ठरलेल्या अटी पाळणाऱ्या शिवणघरांनाच ते लावता येतं.

पॅरिसच्या तारेच्या बाहुल्या

योगायोग बघा, त्याच १९४५ सालात पॅरिसच्या या नामांकित शिवणघरांनी बाहुल्यांचे कपडे शिवले होते. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस जर्मनांच्या ताब्यातून सुटलं, पण शहराची दशा वाईट होती. कापड मिळेना, कोळसा मिळेना, हिवाळ्यात खोल्या गरम ठेवायची सोय नाही. युद्धात पोळलेल्यांसाठी मदत तर गोळा करायची होती आणि पॅरिसची शिवणकला अजून जिवंत आहे हेही जगाला दाखवायचं होतं. बायकांच्या मापाचे कपडे शिवायला कापड कुठून आणणार? मग बाहुल्यांच्या मापाचे शिवायचं ठरलं.

साधारण ७० सेंटिमीटर उंचीच्या, तारेच्या दोनशेहून जास्त बाहुल्या तयार झाल्या. त्यांची डोकी प्लास्टरची होती. साठाच्या आसपास शिवणघरांनी त्यांना नटवलं. बटणं खरोखर उघडमीट होणारी, टोप्या, हातमोजे, बूट सगळं मापात. ‘तेआत्र द ला मोद’, म्हणजे फॅशनचं नाट्यगृह, या नावाचं हे प्रदर्शन मार्च १९४५ मध्ये पॅरिसला भरलं आणि एक लाखाहून जास्त माणसांनी ते पाहिलं. पुढे ते इतर देशांत हिंडलं आणि १९४६ मध्ये अमेरिकेला गेलं. त्या बाहुल्या आज अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात मेरीहिल संग्रहालयात आहेत. त्यांचीच आठवण ठेवून २०२० साली, कोरोनामुळे फॅशनचे सोहळे बंद पडले तेव्हा, ‘दिऑर’ या प्रसिद्ध शिवणघराने आपले ३७ पोशाख अशाच छोट्या मापात शिवून पेटीत घालून गिऱ्हाइकांकडे पाठवले.

शिवणघरांच्या मालकांची नावं सगळ्या पुस्तकांत आहेत. थंडीत गारठलेल्या बोटांनी ते इवलेसे टाके घालणाऱ्या मुलींची नावं मात्र फारशी कुणाला ठाऊक नाहीत. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

बार्बीचा पहिला शिंपी

आपल्या डब्यातली बाहुली बहुधा बार्बी असेल, नाहीतर तिची नक्कल. बार्बी ९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत पहिल्यांदा मांडली गेली. रूथ हँडलर या बाईंची ती कल्पना. आपली मुलगी बार्बरा हिच्या नावावरून त्यांनी हे नाव ठेवलं. तोवर लहान मुलींच्या हातात बहुतेक करून तान्ह्या बाळाच्या बाहुल्या असायच्या. ही मात्र मोठी बाई होती, आणि तिची सगळी मजा कपड्यांत होती.

हे कपडे बेतले शार्लट जॉन्सन यांनी. लॉस एंजेलिसच्या एका कलाशाळेत त्या शिकवत असत. (माझ्यासारख्या अर्धवेळ शिक्षिकेला हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू!) त्या जपानला जाऊन राहिल्या. शिवणकाम तिथे व्हायचं होतं, आणि त्यांना हवे तसे बारीक कापड, बारीक चेन, बारीक बटणं जुळवून घ्यायची होती. पहिल्या बार्बीचे कपडे जपानमधल्या बायकांनी घरी बसून शिवले. त्यात लग्नाचा पांढरा गाऊनही होता. १९६० मध्ये आलेला काळा, चमचमता, गुडघ्यापर्यंत घट्ट आणि खाली जाळीची झालर असलेला गायिकेचा गाऊन तर जुन्या बार्बी जमवणारे लोक आजही शोधत असतात.

आपल्याकडे १९९० च्या दशकात साडी नेसलेली बार्बी मध्यमवर्गीय घरांत पोचली. पण चिंध्यांची बाहुली, ठकी, बाहुला-बाहुलीचं लग्न हे आपल्याला त्याआधीपासून माहीत आहेच. बाळंतविड्यातली झबली-टोपडी शिवलेल्या हाताला छोटं शिवणं नवीन नाही. आणि ज्यांनी उभ्या गौरींना साडी नेसवून एकेक निरी बसवली आहे, त्यांचं निम्मं शिक्षण झालेलंच आहे असं समजा.

बाहुली लहान झाली, कापड नाही

आता कामाची गोष्ट. बार्बीची उंची साधारण २९ सेंटिमीटर. म्हणजे ती आपल्या सहाव्या हिश्शाची आहे. सहापट केली तर १७४ सेंटिमीटरची उंच बाई होते. हा ‘सहा’ आकडा कागदावर मोठा लिहून शिवणाच्या मशीनसमोर चिकटवा. सगळं गणित त्यातच आहे.

शर्टाचं साधं बटण ११ मिलिमीटरचं असतं. ते बाहुलीला लावलं तर आपल्या अंगावर साडेसहा सेंटिमीटरचं बटण, म्हणजे आमटीची वाटीच लावल्यासारखं दिसेल! मशीनची नेहमीची टीप अडीच मिलिमीटरची. बाहुलीच्या मानाने तो दीड सेंटिमीटरचा टाका झाला. आपल्या ब्लाउजला शिंप्याने असे टाके घातले तर आपण त्याला सोडू का? म्हणून मशीनवर टीप दीड मिलिमीटर किंवा त्याहून बारीक ठेवायची, नाहीतर सरळ हाताने शिवायचं.

फुलांचंही तेच. साडीवर शोभणारा मोर बाहुलीच्या छातीवर चढला तर डोकं एकीकडे आणि पिसारा पाठीवर. तेव्हा पैठणीचा पदर हाताशी असला तरी मोर सोडा, काठाच्या कडेची बारीक जर किंवा एखादी नाजूक बुट्टी तेवढी घ्या.

पण सगळ्यात मोठी अडचण आहे ती जाडीची आणि वजनाची. बाहुली सहापट लहान झाली म्हणून कापड काही सहापट पातळ होत नाही. आपल्या कमरेला चार पदरी कापड आलं तर कळतही नाही, तिच्या कमरेला मात्र गाठोडं होतं. बार्बीची कंबर इतकी बारीक का, याचं एक कारण कंपनीकडून असंच सांगितलं गेलं, की कपड्यांचे थर बसल्यावर ती प्रमाणात दिसावी म्हणून. आणि घेराचं म्हणाल, तर लांबी-रुंदी दोन्ही सहाव्या हिश्शाने कमी झाल्यावर कापडाचं वजन छत्तिसाव्या हिश्शाने उरतं, ताठरपणा मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणून आपल्या अंगावर झुळझुळ पडणारं सॅटिन बाहुलीच्या अंगावर उघडलेल्या छत्रीसारखं उभं राहतं.

यावर उपाय आहेत. कापड पातळ निवडा: मलमल, जुन्या धोतराचं मऊ झालेलं कापड, शिफॉन, जॉर्जेट, पातळ रेशीम. कळ्या तिरक्या कापा, म्हणजे कापड लवचीक पडेल. आणि काठाच्या दुमडीत बारीक मणी ओवून थोडं वजन द्या. शनेल या नामांकित शिवणघरात जॅकेट नीट बसावं म्हणून त्याच्या खालच्या काठाला आतून साखळी शिवतात, तीच युक्ती!

गाऊन बेतू या

आधी पेपर कटिंग. पुस्तकातलं तयार माप वापरू नका, कारण सगळ्या बाहुल्यांची अंगं सारखी नसतात. २०१६ मध्ये बार्बीतच उंच, ठेंगणी आणि भरल्या अंगाची असे तीन नवे बांधे आले. म्हणून कटिंग बाहुलीच्या अंगावरच घ्यायचं. स्वयंपाकघरातली पदार्थ झाकायची प्लॅस्टिकची पातळ फिल्म तिच्या धडाला घट्ट गुंडाळा. त्यावर कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावून पूर्ण झाका. आता पेनने पुढची मधली रेघ, मागची मधली रेघ, दोन्ही बाजूंच्या रेघा, कंबर आणि गळा आखा. छातीच्या उंचवट्यावरून कमरेपर्यंत एकेक रेघ काढा. या रेघांवरून बारीक कात्रीने कापून सोडवलंत की हातात येतील ते तुकडे म्हणजेच तुमचं पेपर कटिंग. उभ्या रेघेवर तुकडे झाल्यामुळे टक्स घालायची गरज उरत नाही आणि तेवढी जाडी वाचते.

माया किती सोडायची? आपण ब्लाउजला सोडतो तशी नाही. कापताना अर्धा सेंटिमीटर सोडा, शिवून झाल्यावर ती तीन मिलिमीटरवर छाटा. कापड सुटू नये म्हणून कडेला पातळ केलेल्या डिंकाचं किंवा रंगहीन नेलपॉलिशचं एक बोट फिरवा, पण आधी कोपऱ्यावर डाग पडत नाही ना ते बघा. पहिला वरचा भाग जुन्या धोतराच्या कापडाचा, कच्च्या टाक्याने शिवून बाहुलीला घालून पाहायचा. पॅरिसची मोठी शिवणघरंही आधी साध्या सुती कापडाचा नमुना शिवतात, मग आपल्याला लाज कसली?

अस्तराला जाड कापड नको. बारीक जाळी, म्हणजे नेट, उत्तम. एक लक्षात ठेवा, काळा, लाल, गडद निळा असे रंग बाहुलीच्या अंगाला लागतात आणि मग ते निघता निघत नाहीत. खण वापरायचा असेल तर रंग जाईपर्यंत धुऊन घ्या आणि आतून पांढरी जाळी लावाच.

आता घेर. पूर्ण गोल घेराचं गणित सोपं आहे. कंबर साधारण ९ सेंटिमीटर, मागे एकावर एक येण्यासाठी १, झाले १०. त्याला ६.२८ ने भागलं की आलं १.६. एवढ्या त्रिज्येचं गोल भोक मध्ये कापायचं. कमरेपासून टाचेपर्यंत साधारण १८ सेंटिमीटर भरतं. म्हणजे जेमतेम ४० सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा लागला. उरलेल्या ब्लाउजपीसमध्ये गाऊन निघतो, तो असा. तुमच्या बाहुलीची मापं घेऊन आकडे बदला, रीत तीच.

या घेराचा काठ मात्र १२० सेंटिमीटरच्या वर भरतो. तो मशीनवर दुमडलात तर ताठ होतो. बोटाला किंचित पाणी लावून कड गुंडाळायची आणि बारीक सुईने, एकेरी रेशमी दोऱ्याने तुरपाई करायची. सेंटिमीटरला चार टाके धरले तरी पाचशेच्या आसपास टाके झाले. एका बैठकीत करू नका, डोळे आणि मान दोन्ही दुखतात. चांगल्या उजेडात, दुपारच्या वेळी, तीन-चार दिवसांत करा.

मागची बाजू नितंबांपर्यंत उघडी ठेवा, कारण गाऊन पायांकडून वर चढवायचा असतो. मोठी चेन लावू नका, सगळ्यात बारीक टिचबटणं किंवा हूक आणि दोऱ्याचे फास लावा. भरतकाम करायचं असेल तर कापड कापण्याआधी रिंगला ताणून करा. मोठ्या टिकल्या नकोत, बारीक काचमणी आणि फ्रेंच नॉट पुरेत.

शेवटी निऱ्या बसवायच्या. गाऊन बाहुलीला घालून तिला थर्मोकोलवर उभी करा. पाण्याचा बारीक फवारा मारा, एकेक दुमड बोटाने जागेवर आणून टाचणीने धरा, वरून मऊ पट्टीने अलगद बांधा आणि रात्रभर वाळू द्या. नायलॉन-पॉलिएस्टरला नुसतं पाणी पुरत नाही, त्याला इस्त्रीची वाफ दुरून द्यावी लागते. सकाळी पट्टी सोडाल तेव्हा छत्रीचा गाऊन झालेला असेल.

चेहऱ्याचा कायापालट

आता बाईसाहेबांचं तोंड धुऊ या. आधी कोमट पाणी आणि साबण. बॉलपेनचे डाग साबणाने जात नाहीत. त्याला मुरमांवरचं बेंझॉइल परॉक्साइडचं मलम लागू पडतं. डागावर मलम लावून बाहुली उन्हात ठेवायची आणि चार-पाच दिवस रोज हेच करायचं. डाग हळूहळू फिका होतो. मात्र रंगवलेल्या डोळ्या-ओठांना ते लागू देऊ नका, रंग उडतो. जुन्या बाहुलीच्या कानात पितळी डूल असतील तर आधी काढा. त्या धातूमुळे कानाभोवती हिरवा डाग धरतो आणि वाढत जातो.

केसांना भरपूर कंडिशनर लावा आणि मोठ्या दातांच्या फणीने टोकांकडून वर विंचरत या. कुरळे हवे असतील तर बटा शीतपेयाच्या नळ्यांवर गुंडाळून त्यावर गरम पाणी ओता, मग थंड, आणि पूर्ण वाळल्यावरच सोडा. सगळेच कृत्रिम केस गरम पाणी सोसत नाहीत, म्हणून मागची एक बट आधी करून बघा. केस फारच गळले असतील तर डोकं कोमट पाण्यात मऊ करून अलगद काढतात आणि नवे केस सुईने एकेक भोकातून ओवतात. हे काम सावकाशीचं, पण अवघड मुळीच नाही.

चेहरा पूर्ण नवा करायचा असेल तर मूळ रंग नेलपॉलिश रिमूव्हरने कापसाच्या काडीवर घेऊन पुसता येतो. आधी ॲसिटोन नसलेला वापरा. ॲसिटोन मऊ व्हिनाइलच्या चेहऱ्याला चालतं, पण हातापायांच्या कडक प्लॅस्टिकला लागलं तर ते विरघळतं. खिडक्या उघड्या ठेवा, मुलांना दूर बसवा, गॅस बंद ठेवा. मग धुऊन, वाळवून, वर चमक नसलेल्या व्हार्निशचा फवारा द्या, त्याशिवाय रंग धरत नाही. फवारा बाहेर गच्चीवर आणि नाकाला फडकं बांधून. त्यानंतर जलरंगाच्या पेन्सिली आणि ॲक्रिलिकचे अगदी पातळ हात, आणि शेवटी पुन्हा एक व्हार्निश. अशी रंगवलेली, मणी लावलेली बाहुली तोंडात वस्तू घालणाऱ्या लहानग्यांच्या हाती मात्र देऊ नये.

चेहरा कसा काढायचा, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात सोनिया सिंग नावाच्या बाईंनी टाकून दिलेल्या बाहुल्यांचा भडक रंग पुसला आणि त्यांना साध्या, शेजारच्या मुलीसारखे चेहरे दिले. २०१५ मध्ये त्यांचं काम जगभर गाजलं. त्यांची आई त्या बाहुल्यांचे स्वेटर विणते. ‘असल्या बाहुल्यांमुळे मुलींना आपलं अंग बेढब वाटू लागतं’ अशी ज्या आयांची तक्रार असते, त्यांना मी हेच सांगते. बाहुली बदलणं आपल्या हातात आहे. आमच्याकडे मी एकीला सावळा रंग आणि जाड भुवया दिल्या, तर लेक म्हणाली, “आई, ही आत्यासारखी दिसते!” आणि तिने तिला डब्यात न टाकता अभ्यासाच्या टेबलावर ठेवलं.

आणि आता मोलाचं बोलू

आपल्याकडे रुखवतात नटवलेल्या बाहुल्या मांडायची पद्धत जुनी आहे. हल्ली नवरीच्या रिसेप्शनच्या गाऊनसारखाच गाऊन घातलेली बाहुली मागतात. आमच्या ओळखीच्या एक काकू मागच्या लग्नसराईत आल्या. लेकीच्या वाइन रंगाच्या गाऊनचा फोटो दाखवला, मागचा शेव, कमरेवरचं मणीकाम, सगळं तसंच्या तसं हवं म्हणाल्या. मी हिशेब करून आकडा सांगितला. त्या हसल्याच. “बाई, बाहुलीच्या कपड्याला एवढे? बाजारात दोनशेला तयार मिळतो की! आणि तुम्ही तर घरीच असता दुपारच्या.”

मैत्रिणींनो, ‘घरीच असता’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. कटिंग आणि नमुना ३ तास, वरचा भाग ४, घेर आणि काठ ५, मणीकाम ६, केस आणि चेहरा ३, निऱ्या आणि शेवटचा हात १. एकूण २२ तास. तासाला ८० रुपये धरले तर १,७६०, आणि साहित्याचे २४०. झाले २,०००. म्हटलं, “काकू, कापड बाहुलीएवढं लागलं, पण वेळ माझा माझ्याएवढाच गेला.”

त्या जरा गप्प झाल्या. मग मी दुसरा मार्ग सांगितला. मणीकाम नको, काठ मशीनवर, चेहरा आहे तोच ठेवू. नऊ तासांत होईल, हजाराच्या आत बसेल. त्यांनी तोच घेतला, आणि तो गाऊनही छान झाला. कमी पैशांत कमी काम, ही गोष्ट मला मान्य आहे. तेच काम कमी पैशांत, ही नाही.

आपण म्हणतो, हौसेला मोल नसतं. हौस स्वतःसाठी असेल तोवर हे अगदी खरं. भाचीच्या वाढदिवसाला मी तीस तास खर्चून गाऊन शिवला, तेव्हा घड्याळाकडे पाहिलंही नाही. पण दुसरं कुणी काम सांगतं तेव्हा तेच वाक्य आपल्यावर उलटतं. ‘तुम्हाला हौसच आहे’ म्हणून पैसे अर्धे! २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एक बार्बी ३,०२,५०० डॉलरला विकली गेली. तिच्या गळ्यात खरा गुलाबी हिरा होता. किंमत झाली ती हिऱ्याची. टाक्यांची किंमत लोकांना सहसा दिसत नाही, ती आपणच मोजून दाखवावी लागते. पॅरिसच्या त्या मुली, जपानमधल्या त्या बायका यांचे तास कुणी कुठे लिहून ठेवले? आपले आपण लिहू या.

म्हणून शिवणाच्या डब्यात एक छोटी वही ठेवा. प्रत्येक बैठकीला किती वाजता बसलात, किती वाजता उठलात ते टिपा. घरच्या बाहुलीसाठी शिवत असाल तरीसुद्धा टिपा. विकायचं नसलं तरी आपल्या हातून एवढं काम होतं, हे आपल्याला कळायला हवं. गाऊन पूर्ण झाला की आतल्या अस्तरावर बारीक टाक्यांत आपल्या नावाचं पहिलं अक्षर आणि साल भरा. चित्रकार आपल्या चित्रावर सही करतो, मग आपण का नाही करायची?

पहिला गाऊन साधाच करा: बिनबाह्यांचा वरचा भाग, गोल घेर, मागे तीन टिचबटणं. दुसऱ्याला मणी, तिसऱ्याला शेव. मग काय, या रविवारी माळ्यावर चढणार ना? कपाटातला तो उरलेला ब्लाउजपीसही आत्ताच बाजूला काढून ठेवा, नाहीतर कुणीतरी त्याचं पुसायचं फडकं करेल!